व्यापाराचा वाद आणि पुराव्याची पारख

वादांतून तत्त्वबोध व्हावा ही अपेक्षा फार जुनी आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं पूर्णपणें मांडावें, तें मांडतांना त्याला स्वतःलाही ‘होय, हेंच माझें म्हणणें’ असें कबूल करावें लागेल इतक्या सचोटीनें मांडावें, आणि मगच त्याचें खंडण करावें, हा आपल्याकडील शास्त्रार्थाचा दंडक. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हे शब्द याच दंडकाशीं निगडित आहेत. हाच दंडक अगदीं निराळ्या वेषांत, निराळ्या भाषेंत आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या तोंडीं अमेरिकेंतील शाळांत ऐकावयास मिळतो. तेथें वाद चालतो तो जीव-ब्रह्मैक्याचा नव्हे. जकातींचा, आयात-निर्यातीचा आणि युद्ध-शांततेचा. अशा वादांत व्यापाराचा मुद्दा पुढें आला असतां त्याला उत्तर देण्यासाठीं पुरावा कसा शोधावा, आणि शोधलेला पुरावा कसा पारखावा, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या स्पर्धेचें स्वरूप ध्यानीं घेतलें पाहिजे. तिला ‘पॉलिसी डिबेट’ म्हणजे धोरणविषयक वाद म्हणतात. १९२५ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील रिपन येथें ब्रूनो जेकब या अध्यापकांनीं शालेय वक्तृत्व व वादस्पर्धांसाठीं एक राष्ट्रीय संघ स्थापन केला; तो आज दुसऱ्या नांवानें, पण अखंड चालूं आहे. प्रत्येक बाजूस दोन विद्यार्थी असतात. सबंध वर्षभर देशांतील सर्व शाळांना एकच विषय असतो, आणि तो बहुधा ‘सरकारनें अमुक धोरण अंगीकारावें’ अशा स्वरूपाचा असतो. १९७९-८० सालीं परदेशी व्यापाराचें धोरण हाच विषय होता. २०१६-१७ सालीं चीनशीं आर्थिक व राजनैतिक संबंध वाढविण्याचा होता. चौघांपैकीं प्रत्येकाला आठ मिनिटांचें मुख्य भाषण, त्यावर तीन मिनिटांची उलटतपासणी आणि शेवटीं पांच मिनिटांचें प्रत्युत्तर असा शाळांतील सर्वसाधारण क्रम असतो. एका फेरींत अनुकूल बाजू मांडणाऱ्या जोडीस पुढच्या फेरींत प्रतिकूल बाजू मांडावी लागते. ही गोष्ट श्रोत्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें कळून येईल.

या वादांत नुसतें ‘मला असें वाटतें’ चालत नाहीं. प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागें पुरावा हवा. पूर्वीं मुलें ग्रंथांतील व नियतकालिकांतील उतारे लहान लहान कार्डांवर चिकटवून पेट्यांत विषयवार लावून ठेवीत. आतां तें सारें संगणकांत गेलें. पण उताऱ्याला ‘कार्ड’ हेंच नांव राहिलें आहे. कार्डाच्या डोक्यावर एका ओळींत विधान, त्याखालीं लेखकाचें नांव, त्याचा अधिकार, प्रसिद्धीची तारीख व स्थळ, आणि त्याखालीं मूळ मजकूर जसाच्या तसा. मजकुरांत स्वतःचा शब्द घुसडणें, वाक्य तोडून अर्थ फिरविणें, किंवा न वाचलेला भाग वाचला असें भासविणें हे गंभीर अपराध मानले जातात आणि त्यापायीं सामना हरण्याची पाळी येते.

आतां व्यापाराच्या मुद्द्याकडे वळूं. समजा, अनुकूल बाजूनें अशी योजना मांडली कीं, सरकारनें पूल व लोहमार्ग बांधतांना देशी पोलादच वापरावें. त्यावर प्रतिकूल बाजू एक साखळी पुढें करते. परदेशी पोलादास मज्जाव झाला कीं इतर राष्ट्रें सूड म्हणून अमेरिकन मालावर जकात बसवितील, ही पहिली कडी. सूडावर सूड होऊन जगाचा व्यापार आटेल, ही दुसरी. व्यापार आटला कीं जागतिक मंदी येईल, ही तिसरी. आणि मंदींत सांपडलेलीं राष्ट्रें एकमेकांवर शस्त्र उगारतील, ही चौथी. पुलाच्या एका तुळईपासून महायुद्धापर्यंतचा हा प्रवास चार कार्डांत आणि दीड-दोन मिनिटांत उरकला जातो. ‘तुमचें मान्य केलें तर हा अनर्थ ओढवेल’ असें दाखविणाऱ्या या युक्तिवादास न्यायशास्त्राच्या परिभाषेंत अनिष्टापत्ति म्हणतां येईल; तिकडील मुलें त्यास ‘डिसॲडव्हान्टेज’ म्हणतात.

नवशिका विद्यार्थी या साखळीच्या अगदीं शेवटच्या टोकाला जाऊन झोंबतो. ‘युद्ध होणार नाहीं’ असें म्हणणारा कोणी पंडित तो शोधून आणतो आणि मोठ्यानें वाचून दाखवितो. मग एका पंडिताविरुद्ध दुसरा पंडित उभा राहतो. परीक्षकाच्या पदरांत निर्णय करण्याजोगें कांहींच पडत नाहीं. जाणता विद्यार्थी प्रत्येक कडी वेगळी करतो. पहिल्या कडीचा प्रश्न राजकारणाचा आहे, दुसरीचा गणिताचा, तिसरीचा आर्थिक इतिहासाचा आणि चौथीचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा. चार प्रश्नांना चार प्रकारचे पुरावे लागतात. पोलादाच्या बाजारभावांत निष्णात असलेला गृहस्थ युद्धाच्या कारणांविषयीं बोलूं लागला, तर त्याचा तेथला अधिकार कोणता, असें विचारणें हें उत्तराचें पहिलें पाऊल होय.

या सर्व युक्तिवादाचा मूळ दाखला म्हणजे १९३० सालचा स्मूट-हॉली जकात कायदा. यूटाचे सिनेटर रीड स्मूट आणि ऑरेगॉनचे प्रतिनिधि विलिस हॉली यांच्या नांवानें तो ओळखला जातो. या दोन नांवांचा दरारा केवढा आहे हें १९९३ सालीं दिसून आलें. मेक्सिको व कॅनडा यांच्याशीं करावयाच्या मुक्त व्यापाराच्या करारावर ९ नोव्हेंबर रोजीं दूरचित्रवाणीवर उपाध्यक्ष अल गोर आणि टेक्सासचे धनाढ्य गृहस्थ रॉस पेरो यांचा वाद झाला. पेरो कराराच्या विरुद्ध होते. गोर यांनीं त्यांना स्मूट व हॉली यांचें चौकटींत बसविलेलें छायाचित्र भेट दिलें. आठ दिवसांनीं प्रतिनिधिगृहांत करार २३४ विरुद्ध २०० मतांनीं संमत झाला आणि १ जानेवारी १९९४ पासून अंमलांत आला. छायाचित्राची युक्ति मोठी चतुर खरी. परंतु तें छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे. त्या दोघांच्या कायद्यानें नेमकें काय घडलें, हा प्रश्न त्या चौकटीच्या बाहेरच राहिला. शाळेंतील मुलाला तेथें थांबून चालत नाहीं.

घडलें तें असें. १७ जून १९३० रोजीं अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनीं कायद्यावर सही केली. तत्पूर्वीं मे महिन्यांत १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनीं त्यांना तसें न करण्याविषयीं विनविलें होतें, आणि दुसरीं राष्ट्रें सूड उगवितील असा इशाराही दिला होता. कॅनडानें सूडाच्या जकाती बसविल्याच. १९३२ सालीं ओटावा येथें ब्रिटिश साम्राज्यांतील देशांनीं एकमेकांच्या मालाला सवलती देऊन इतरांना दूर ठेवण्याचें ठरविलें. ७५ देशांची एकत्र मासिक आयात जानेवारी १९२९ मध्यें सुमारें ३०० कोटि डॉलर होती. ती जानेवारी १९३३ मध्यें सुमारें १०० कोटि डॉलरवर आली. १९३२ च्या निवडणुकींच्या वर्षीं स्मूट आणि हॉली दोघेही आपापल्या जागा गमावून बसले.

तीनशें कोटींचे शंभर कोटि झाले, हा आकडा ऐकतांच सभागृह चूप होतें. पण येथेंच पारख सुरू व्हावयास पाहिजे. हा आकडा डॉलरांचा आहे, मालाच्या वजनाचा किंवा नगांचा नव्हे. त्या वर्षांत जगभर वस्तूंचे भाव कोसळले होते. गव्हाचीं तितकींच पोतीं जहाजांत चढलीं असतीं तरी त्यांची किंमत कमी भरली असती. म्हणून पैशांतील घट आणि मालांतील घट या दोन गोष्टी निराळ्या मोजल्या पाहिजेत. प्रतिपक्षाच्या कार्डावर आकडा दिसला कीं तो कशाचा आकडा आहे, हें आधीं विचारावें.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्या काळीं पुष्कळशी जकात मालाच्या किमतीवर शेंकडा अमुक अशी नसून, दर पौंडामागें इतके सेंट अशी ठरीव होती. समजा, एका जिनसाचा भाव पौंडाला दहा सेंट आणि जकात दोन सेंट आहे. म्हणजे जकातीचा भार शेंकडा २० झाला. पुढें भाव उतरून पांच सेंट झाला, पण जकात दोन सेंटच राहिली; आतां भार शेंकडा ४० झाला. विधिमंडळानें एक अक्षरही न बदलतां जकात दुप्पट जड झाली! अशा रीतीनें मंदीनें जकात चढविली, आणि चढलेल्या जकातीनें आयात आणखी घटविली. कारण कोणतें आणि परिणाम कोणता, हें येथें सूत गुंतल्यासारखें होतें. तें सोडवून दाखविणें हेंच अभ्यासकाचें काम.

तें काम डार्टमथ कॉलेजांतील अर्थशास्त्रज्ञ डग्लस अर्विन यांनीं केलें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष थोडक्यांत असा: कायद्यानंतरच्या दोन वर्षांत अमेरिकेच्या आयातीचें परिमाण शेंकडा ४० हून अधिक घटलें. इतर सर्व गोष्टी स्थिर धरल्या तर त्यांपैकीं निव्वळ कायद्यानें आयात शेंकडा ४ ते ८ घटली असती. भाव कोसळल्यामुळें ठरीव जकातीचा भार वाढला, त्यानें आणखी शेंकडा ८ ते १० घट झाली. एकूण घटीपैकीं सुमारें पाव हिस्सा या वाढलेल्या जकातभाराकडे जातो. उरलेला मुख्यतः लोकांचें उत्पन्नच आटल्याचा परिणाम.

या एका निबंधांतून किती कार्डें निघूं शकतात, हें पाहण्यासारखें आहे. जकात घातक आहे असें सिद्ध करूं पाहणारा विद्यार्थी पहिलेंच वाक्य कापून घेईल: कायदा झाला आणि दोन वर्षांत आयात शेंकडा चाळीसांनीं घटली. त्या वाक्यांतील एकही शब्द खोटा नाहीं. जकातीनें फारसें बिघडत नाहीं असें म्हणणारा विद्यार्थी फक्त ‘शेंकडा ४ ते ८’ एवढेंच घेऊन ठरीव जकातीचा भाग गाळील. त्यांतीलही शब्द खोटा नाहीं. दोघांचीं कार्डें अक्षरशः बरोबर, आणि दोघांचेंही म्हणणें लेखकाच्या म्हणण्याच्या विरुद्ध! वाक्य जेथें संपतें तेथें विचार संपत नाहीं. उतारा कापण्यापूर्वीं त्याच्या मागचा परिच्छेद आणि पुढचा परिच्छेद वाचावा, हा नियम वरवर पाहतां शाळकरी वाटतो. पण पुराव्याच्या सर्व नीतीचें मूळ त्यांत आहे. न्यायालयांत साक्षीदाराचा अर्धा जबाब वाचून दाखविणारा वकील खोटें बोलत नाहीं. तरी तो न्यायाधीशाला फसवितोच.

तिसऱ्या कडीस, म्हणजे जकातीमुळेंच महामंदी आली या म्हणण्यास, तारखांची कसोटी लावावी. अमेरिकेंतील उतरती कळा ऑगस्ट १९२९ पासून लागली असें मानतात. शेअरबाजार कोसळला तो ऑक्टोबर १९२९ मध्यें. कायदा झाला जून १९३० मध्यें. आधीं घडलेल्या गोष्टीचें कारण मागाहून घडलेली गोष्ट कशी होईल? हें उत्तर खणखणीत वाटतें. परंतु खरा अभ्यासी आपल्या उत्तरालाही उत्तर शोधून ठेवतो. हें विधेयक प्रतिनिधिगृहानें मे १९२९ मध्येंच संमत केलें होतें. कायदा होणार या नुसत्या धास्तीनेंच बाजार कोसळला, असें प्रतिपादन ज्यूड वानिस्की यांनीं १९७८ सालीं एका ग्रंथांत केलें. बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञांना तें पटलेलें नाहीं. ते बँकांची पडझड, चलनाचा संकोच आणि सुवर्णमानाचें जोखड यांकडे अधिक बोट दाखवितात. पण प्रतिपक्षाच्या पेटींत वानिस्कींचें कार्ड असूं शकतें, हें ज्यानें आधींच ओळखलें आहे तो उलटतपासणींत गडबडत नाहीं.

चौथी कडी सर्वांत मोहक आहे: व्यापार करणारीं राष्ट्रें लढत नाहींत. माल सरहद्द ओलांडेनासा झाला कीं सैन्य ती ओलांडतें, अशा अर्थाचें एक वचन फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिया यांच्या नांवावर सर्रास खपविलें जातें. बास्तिया १८५० सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांत हें वचन आढळत नाहीं. त्याच आशयाचें विधान अमेरिकन लेखक ओटो मॅलरी यांच्या १९४३ सालच्या पुस्तकांत आढळतें. शंभर वर्षांपूर्वींच्या द्रष्ट्याचें वचन म्हणून जें वाचलें जातें, तें दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत लिहिलेलें निघालें तर त्याचें वजन निराळें होतें. नांव व तारीख यांचा आग्रह धरावयाचा तो यासाठीं.

याउलट खुल्या व्यापाराच्या विरुद्ध बाजूचीं मुलें १९१४ चा दाखला देतात. इंग्लंड आणि जर्मनी हीं एकमेकांचीं मोठीं गिऱ्हाइकें होतीं, तरी लढलींच. आणि त्याबरोबर नॉर्मन एंजल यांची टवाळी करतात कीं, या गृहस्थानें १९१० सालीं युद्ध अशक्य आहे असें लिहिलें आणि चार वर्षांत तोंडघशीं पडला. एंजल यांचें पुस्तक उघडून पाहणारे थोडे. युद्ध होणारच नाहीं असें त्यांचें प्रतिपादन नव्हतें. राष्ट्रांचे व्यवहार इतके गुंतले आहेत कीं जिंकणाऱ्यालाही युद्धानें लाभ होणार नाहीं, असें होतें. १९१४ ते १९१८ च्या संहारानंतर तें म्हणणें खोटें ठरलें असें कोणाला म्हणवेल? १९३३ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. एंजल यांना खोडून काढावयाचें तर त्यांचें खरें म्हणणें खोडावें. त्यांच्या नांवाची बुजगावणी उभारून ती पाडण्यांत पुरुषार्थ नाहीं.

विद्वानांतही या कडीविषयीं एकमत नाहीं. जॉन ओनील व ब्रूस रसेट यांनीं अनेक दशकांचे आकडे तपासून व्यापारानें कलह कमी होतो असें म्हटलें. कॅथरिन बार्बिएरी यांनीं २००२ सालच्या ग्रंथांत उलट निष्कर्ष काढला. डेल कोपलँड यांनीं २०१५ सालीं तिसरा विचार मांडला: आज व्यापार किती आहे यापेक्षां उद्यां तो टिकेल अशी आशा आहे कीं नाहीं, यावर युद्ध-शांतता ठरते. जपानचें उदाहरण घ्या. त्याचें सुमारें चार-पंचमांश तेल अमेरिकेंतून येत होतें. जपानी फौजा दक्षिण इंडोचीनमध्यें उतरल्यावर जुलै १९४१ मध्यें अमेरिकेनें जपानची मालमत्ता गोठविली, तेल बंद झालें, आणि ७ डिसेंबर रोजीं पर्ल हार्बरवर बाँब पडले. ‘व्यापार तुटला म्हणून युद्ध झालें’ असें एक बाजू म्हणेल. ‘एवढा व्यापार असूनही जपानचें चीनवरील आक्रमण थांबलें नाहीं, व्यापार तुटला तो त्या आक्रमणामुळें’ असें दुसरी म्हणेल. घटना एकच, पण ती कोणत्या महिन्यापासून सांगावयास प्रारंभ केला यावर तिचा अर्थ बदलतो. म्हणून दाखला सांगणाऱ्याला ‘याच्या आधीं काय झालें होतें?’ एवढाच एक प्रश्न पुष्कळदां पुरतो.

संरक्षक जकातीच्या लाभ-हानीचा हिशेब हा या वादाचा आणखी एक भाग आहे, आणि तेथें अलीकडचा पुरावा विपुल आहे. जानेवारी २०१८ मध्यें अमेरिकेनें परदेशी कपडे धुण्याच्या यंत्रांवर जकात बसविली. फ्लेन, होर्तासू व टिंटेल्नॉट या तिघा अभ्यासकांनीं तिचा माग काढला. धुण्याच्या यंत्रांचा भाव शेंकडा १२ च्या सुमारास चढला. नवल असें कीं, कपडे वाळविण्याच्या यंत्रांवर जकात नसतांही तींही तितकींच महागलीं. कारण गिऱ्हाईक दोन्ही यंत्रें जोडीनें घेतें, आणि दुकानदारानें वाढ दोहोंवर वांटून टाकली. सुमारें १,८०० नवे रोजगार झाले. प्रत्येक रोजगारामागें गिऱ्हाइकांना वर्षाला ८ लाख डॉलरांहून अधिक भुर्दंड पडला. खुल्या व्यापाराच्या बाजूनें याहून बोलका पुरावा क्वचित् मिळेल.

पण पलीकडच्या तागडींतही वजन आहे. ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, १९९० ते २००७ या काळांत अमेरिकेंतील कारखान्यांतील रोजगार जो घटला, त्याचा सुमारें पाव हिस्सा चिनी आयातीच्या स्पर्धेमुळें होता, आणि त्याचा आघात सर्व देशावर सारखा न होतां ठराविक भागांतील कामकऱ्यांवर पडला. स्वस्त मालाचा लाभ कोट्यवधि घरांत थोडा थोडा वांटला जातो. बंद पडलेल्या कारखान्याचा घाव मात्र एका गांवाच्या वर्मीं बसतो. सरासरीचा आकडा हें दुःख झांकतो. तेव्हां ‘व्यापारानें देशाचा फायदा होतो’ या कार्डाला ‘कोणाचा, आणि कोणाच्या पदरचें जाऊन?’ असा प्रश्न विचारणारें कार्ड हें योग्य उत्तर होय.

तारखेचें महत्त्व येथें पुन्हां येतें. मार्च २०१८ मध्यें पोलादावर शेंकडा २५ व ॲल्युमिनियमवर शेंकडा १० जकात बसली. त्याच वर्षीं चीननें सोयाबीनवर सूडाची जकात बसविली. २०२५ सालीं अमेरिकेनें जवळजवळ सर्व देशांच्या मालावर नव्या जकाती जाहीर केल्या. ‘आज व्यापार खुला आहे, तुमच्या योजनेनें तो बिघडेल’ असें सांगणारें २०१५ सालचें कार्ड यानंतर निरुपयोगी झालें. धोका आधींच ओढवला असेल तर नव्या योजनेनें त्यांत काय भर पडते, हें प्रतिपक्षानें दाखविलें पाहिजे. मात्र जुन्या कारणांचें विवेचन करणारा जुना ग्रंथ केवळ जुना म्हणून टाकूं नये. परिस्थितीचा पुरावा ताजा हवा. तत्त्वाचा पुरावा खोल हवा.

असा पुरावा मिळतो कोठें? १९१६ सालीं जकात मंडळ म्हणून स्थापन झालेला अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग, जनगणना खात्याचे मासिक आयात-निर्यातीचे तक्ते, काँग्रेसच्या संशोधन विभागाचीं टिपणें, जागतिक व्यापार संघटनेचे अहवाल, आणि विद्यापीठीय नियतकालिकें. पोलाद उत्पादकांच्या संघानें प्रसिद्ध केलेलें पत्रकही वाचावें. पण तें कोणाच्या खर्चानें छापलें हें कार्डावर लिहून ठेवावें. आणि वर्तमानपत्रांत एखाद्या संशोधनाचा उल्लेख आढळला तर तेथें न थांबतां मूळ निबंधापर्यंत जावें. बातमीदाराच्या घाईंत ‘सुमारें’, ‘इतर गोष्टी स्थिर धरल्या तर’ असे शब्द प्रथम गळतात, आणि बहुधा सारा अर्थ त्यांतच असतो.

हा वाद महाराष्ट्राला अगदीं परका आहे असें मात्र नव्हे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्ट १८२५ पासून कांहीं वर्षें पेन्सिल्व्हेनियांत राहिले. बाल्यावस्थेंतील उद्योगांना संरक्षण द्यावें हा तेथील विचार त्यांनीं जवळून पाहिला आणि पुढें आपल्या ग्रंथांत मांडला. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत लिस्ट यांच्या विचारांचा आधार घेतला. रानड्यांची पद्धत लक्षांत घेण्याजोगी आहे. खुल्या व्यापाराच्या आचार्यांचे सिद्धान्त त्यांनीं आधीं मांडले, ते ज्या गृहीतांवर उभे आहेत तीं एकेक दाखविलीं, आणि मग हिंदुस्थानांत तीं लागू पडत नाहींत असें म्हटलें. पूर्वपक्षाला न्याय देऊन केलेलें तें खंडण होतें.

आतां त्या विद्यार्थ्याकडे परत जाऊं. महायुद्धापर्यंत पोंचलेल्या साखळीस त्यानें द्यावयाचें उत्तर साधारण असें होईल: ‘प्रतिपक्षानें १९३० चा दाखला दिला. त्या कायद्यानें व्यापाराची हानि झाली हें आम्ही मान्य करतों. पण अर्विन यांच्या मतें आयातींतील घटीचा पाव हिस्साच जकातभाराकडे जातो. तोही सबंध जकातपत्रक वाढविलें असतां. आमची योजना एका जिनसापुरती आहे. शिवाय २०१८ पासून पोलादावर जकात आहेच; सूड झाला, पण तिसरी व चौथी कडी घडून आली नाहीं. म्हणून अनर्थाचें प्रमाण प्रतिपक्ष म्हणतो त्याहून पुष्कळ लहान आहे.’ यांत आरडाओरडा नाहीं. प्रतिपक्षाचें जेवढें खरें तेवढें मान्य केलें आहे, आणि म्हणूनच उरलेलें नाकारण्याचा अधिकार प्राप्त झाला आहे.

पुढच्या फेरींत हाच विद्यार्थी विरुद्ध बाजूस बसणार आहे. सकाळीं त्यानें अर्विन यांचें वाक्य अर्धें तोडून वाचलें असेल, तर दुपारीं तेंच अर्धें वाक्य दुसरा कोणी त्याच्यावर फेंकील, आणि उरलेलें अर्धें त्याला मुकाट्यानें स्वतःच शोधावें लागेल. बाजू बदलण्याच्या या नियमांत मोठें शिक्षण आहे. पण त्याहूनही मोठी गोष्ट स्पर्धेच्या बाहेर आहे. जकात चढते किंवा उतरते तेव्हां एखाद्या गांवांतील भट्टी विझते, एखाद्या शेतकऱ्याचें सोयाबीन कोठारांत पडून राहतें, एखाद्या घरीं यंत्र घ्यावयाचें लांबणीवर पडतें. हे निर्णय विधिमंडळांत घेतले जातात, आणि तेथें बसणारे सभासद कधीं काळीं कोणत्या तरी शाळेच्या वर्गांत बसलेले असतात. पुढचा परिच्छेद वाचण्याची संवय त्यांना तेथें लागली असेल, तर तिचा लाभ अशा लोकांना मिळतो ज्यांनीं ती स्पर्धा कधीं पाहिलीही नसते.